कोठीतलं नागपूर

देवळीच्या बसस्टँडसमोर धीरजने व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं तेव्हा पाटी आधी रंगवून झाली आणि कॉम्प्युटर मागून आले. पाटीवर लिहिलं होतं, 'नेटवर्क फाइट! देवळी विरुद्ध नागपूर! घरबसल्या भिडा!' पार्लरमध्ये यायचं असेल तर घरबसल्या कसं, हा प्रश्न एकट्या पेंटरला पडला होता. पण त्याला अक्षरामागे मजुरी मिळत होती, म्हणून तो गप्प बसला.

साल दोन हजार एक. दुकान मुळात धीरजच्या वडिलांचं, हिरालालजींचं, कापडाचं. त्यातला अर्धा भाग त्यांनी मुलाला तोडून दिला, कारण मुलगा कापड मोजायला बसला की गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि हिरालालजी आजारी पडायचे. दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे घर, आणि भिंतीला लागूनच कोठी. तिथे गव्हाची पोती, डाळीचे डबे, आणि घरात ज्याला जागा नाही ते सगळं.

धीरजची बायको ज्योत्स्ना पुलगावची. लग्नाआधी ती टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झाली होती, मराठी आणि इंग्रजी. लग्नानंतर त्या बोटांना पोळ्यांचं काम मिळालं. पार्लर उघडायच्या आधी, दुपारी शटर अर्धं खाली ओढून, धीरज मशीन तपासायचा. मारामारीच्या खेळाला दुसरा माणूस लागतो, म्हणून त्याने तिला बसवलं. कोणत्या बटणाने लाथ, कोणत्या बटणाने बुक्की, कोणती तीन बटणं एकामागून एक दाबली की माणूस हवेत गिरकी घेतो, हे सगळं त्यानेच तिला शिकवलं. आठवडाभरात त्याने तिच्याशी खेळणं बंद केलं. म्हणाला, डोळे दुखतात.

उद्घाटनाच्या दिवशी खऱ्या नागपूरशी फोनच्या लायनीवरून सामना ठरला होता. तिकडे सीताबर्डीवर धीरजचा एक दोस्त बसला. इकडे बसला अंकित, वय सतरा, शेतकऱ्याचा मुलगा, अकरावी नापास, पण कीबोर्डवर देवळीत पहिला. अंकितने लाथ मारली. लाथ निघाली ती बहुधा बुटीबोरीपर्यंत जाऊन चहाला थांबली. इकडे पोरांचे भजे खाऊन झाले, तेव्हा कुठे नागपूरचा गडी जमिनीवर पडला.

"हे काय वो धीरजभाऊ? टपालानं पाठवून राह्यले का लाथा?" एक पोट्टा म्हणाला.

तेवढ्यात घरात धीरजच्या आईने, रुख्मिणीबाईंनी, आष्टीच्या बहिणीला फोन लावायला त्याच लायनीवरचा रिसीव्हर उचलला. पडद्यावरचे दोन्ही पहिलवान हवेत लटकले. रुख्मिणीबाईंचं बोलणं संपलं, तरी ते लटकलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी धीरजने भिंतीला भोक पाडलं. त्यातून एक वायर कोठीत नेली, गव्हाच्या पोत्यांवर पाट टाकून त्यावर तिसरा कॉम्प्युटर मांडला आणि ज्योत्स्नाला बोलावलं.

"दोन-चार दिवसाचा प्रश्न हाये. लाइन सुधरली की तू मोकळी."

"अन् पोट्ट्यायनं विचारलं तं?"

"नागपूर म्हणून सांगतो ना मी."

"मी तं पुलगावची आहो."

"पुलगावच्या बाईसंग लढाले कोणी येईन काय? नाव लिहाले सांगते ना गेम, तिथं नागपूर टाकजो."

तिने टाकलं. इतक्या वेगाने टाकलं, की धीरजला कळायच्या आत नागपूर लढायला उभं होतं.

लाइन सुधारली नाही, आणि ती सुधारावी असं धीरजलाही फारसं वाटेना. कारण हे नागपूर मोठं चोख होतं. लाथ मारली की लागत होती. पोरं रोज येऊन मार खात होती, आणि रोज मार देणारा माणूस परगावचा असला की त्यात कमीपणा वाटत नाही. नागपूरविषयी बातम्याही पसरायला लागल्या. तो मेडिकल कॉलेजात शिकतो, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने त्याला नागपुरातल्या सदरच्या चौकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तांबडी मोटारसायकल होती. दुपारी चार वाजता नागपूर अचानक उठून जायचं, कारण आत रुख्मिणीबाईंना चहा लागायचा. पोरं म्हणायची, क्लासला गेला असंन.

"त्याले दहाच बोटं हायेत का वीस बे?" अंकित हरल्यावर म्हणायचा. पण खोल श्वास घेऊन परत बसायचा. बाकीची पोरं नुसती बटणं बडवत. हा मात्र नागपूर कधी वाकतो, कधी मागे सरतो, ते पाहून ठेवायचा.

कोठीत बसून ज्योत्स्ना हे सगळं ऐकायची. भोकातून वायर बाहेर जायची आणि कौतुक आत यायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या घरात तिच्याविषयी 'पोळ्या नरम करते' याच्यापुढे कोणी गेलं नव्हतं.

"वं ज्योत्स्ना," सासूबाई दारातून म्हणायच्या, "कोठीत काय करून राह्यली?"

"कॉम्प्युटर शिकून राह्यली, आई."

"मंग इतक्या जोरानं काऊन शिकते? दाळीचे डबे हालतेत."

एका दुपारी जेवताना तिने धीरजला सांगितलं, "मले एक डाव बाहेर बसून खेळाचा हाये. माह्या नावानं."

"खेळजो ना. कोण नाई म्हणते? दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. मग धीरज म्हणाला, कापसाचा हंगाम जाऊ दे. कापसाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे तिने विचारलं नाही. हंगाम गेला. मग परीक्षा आल्या. त्या पोरांच्या होत्या, आणि पोरं त्या देत नव्हती, तरीही आल्या. ती पुन्हा पुन्हा मागत होती, आणि मागण्यात दुसरं काहीच नव्हतं. पुढची खुर्ची, आपलं नाव आणि पाहणारी माणसं. एक डाव.

उन्हाळ्यात पोरांनीच घोटाळा केला. अंकित पुढे झाला. "धीरजभाऊ, सालभर त्याच्या हातचा मार खाऊन राह्यलो. एकदा तोंड तं दाखवा त्याचं. बोलवा देवळीले. सगळ्यायसमोर होऊन जाऊ दे."

धीरज दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला वडनेरचा मामेभाऊ आठवला. चंदन. दिसायला उमदा, अंगात चट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि नागपूरला दोन वर्षं राहून परत आलेला. तिथे तो काय करत होता हे वडनेरातही कोणाला माहीत नव्हतं, पण देवळीत त्याला कोणी ओळखत नव्हतं, एवढं पुरे होतं. बेत सोपा होता. चंदनने बाहेर बसायचं, त्याच्यापुढच्या पडद्याला वायर कोठीतल्या कॉम्प्युटरची, आणि कीबोर्ड कशालाच जोडलेला नाही.

"तू फक्त जिंकून दे," धीरज ज्योत्स्नाला म्हणाला. "जिंकली की मी सोता पडदा बाजूले करतो अन् सांगतो, हे पाहा खरं नागपूर. तुही शपथ."

कोठीच्या दाराला, दुकानाच्या बाजूने, खरोखरच एक छापील पडदा होता. सामन्याच्या दिवशी ज्योत्स्नाने पोत्यांवर बसायला लग्नातली नाही, पण तिच्या खालोखालची साडी नेसली. केसात फूल माळलं. सासूबाई म्हणाल्या, "कोठीत कोणाचं लगन हाये?"

बाहेर रस्त्यापर्यंत गर्दी. अध्यक्ष म्हणून प्रभाकररावांना बोलावलं होतं. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला तेच अध्यक्ष असत आणि कार्यक्रम कशाचा आहे हे विचारण्याचा हलकेपणा त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी युवाशक्तीवर भाषण केलं, नारळ फुटला, आणि सामना सुरू झाला. तीन डावांचा.

पहिला डाव ज्योत्स्नाने घेतला. बाहेर चंदन मोकळ्या कीबोर्डवर असा तुटून पडला होता, की दोन बटणं उडून हिरालालजींच्या कापडाच्या ढिगात गेली. दुसरा डाव अंकितने घेतला, आणि खरा घेतला. तिची गिरकी त्याने हेरून ठेवली होती. ती सुरू होताच तो खाली वाकला आणि पाय ओढला. कोठीत ज्योत्स्ना स्वतःशीच हसली. हे पोट्टं आपल्यालाच पाहून शिकलं आहे, हे तिला कळलं. त्याला अजून माहीत नाही, कोणाला पाहून.

मध्ये प्रभाकरराव पुन्हा दोन शब्द बोलायला उठले. तेवढ्यात धीरज आत आला, घामाघूम.

"तिसरा घेतेच मी," ती म्हणाली. "मंग पडदा ना?"

धीरजने मान खाजवली. "आज? आज प्रभाकरराव आलेत वं. लोकं म्हणतीन, सालभर बायकोसंग लढवून राह्यला होता पोट्ट्यायले. धंदा बसंन माहा. अन् चंदनचं काय होईन, विचार कर. पुढच्या साली पाहू."

"तुमी शपथ घेतली होती."

"मंग? मोडली काय मी? पुढं ढकलली."

तो बाहेर गेला. पडद्यापलीकडून कोणीतरी विचारलेलं तिला ऐकू आलं, "धीरजभाऊ, आत कोण हाये?"

"कोणी नाई बे. घरचे लोकं."

तिसरा डाव सुरू झाला. ज्योत्स्नाने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

पडद्यावर लाल लंगोटवाला नागपूरचा पहिलवान नुसता उभा राहिला. अंकितने एक बुक्की मारली. पहिलवानाने ती घेतली. अंकितने लाथ मारली. तीही घेतली. गर्दी आधी ओरडली, मग पडद्याकडे सरकली. अंकित थांबला.

"खेळ ना बे!" तो चंदनवर ओरडला. "काऊन उभा हायेस?"

चंदनने आणखी दोनदा कीबोर्ड बडवला. पण कीबोर्ड कशालाच जोडलेला नसेल तर माणसाने काय करावं, याचा त्याने नागपुरात दोन वर्षं चांगला अभ्यास केला असावा. तो उठला, चष्मा काढला आणि हात जोडले.

"देवळीनं मले बोलावलं, मान देल्ला. आता घरच्या पोट्ट्याले त्याच्या गावात हरवून जाऊ? आपल्याले नाई जमत भाऊ ते. मार तू."

मग टाळ्या अशा कडाडल्या, की रस्त्यावरची म्हैस वळून पाहायला लागली. अंकितने रडवेल्या तोंडाने शेवटची बुक्की मारली. "असं नाई जिंकाचं मले," तो म्हणत होता, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. "पाया पड त्यायच्या," लोकांनी त्याला ढकललं. तो पडला. जिंकलेल्या अंकितला एक हार मिळाला आणि हरलेल्या नागपूरला तीन. प्रभाकररावांचा आवाज भरून आला. ते म्हणाले, मोठ्या मनाचा असा माणूस आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल चंदनला घातली.

थोड्या वेळाने धीरज कोठीत आला. त्याचे डोळे पाणावले होते.

"काय डोकं लावलं वं तू! जिंकली असती तं उद्या कोणी आलं नसतं. आता सारं देवळी येईन. मले तं सुचलंच नसतं." आणि तिच्या केसांकडे पाहून म्हणाला, "फूल छान हाये. पाह्यजो, पाहुण्यायले चहा लागन."

चंदन रात्रीच्या बसने परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर गच्च भरलं होतं. पोरं आदल्या दिवशीची गोष्ट एकमेकांना सांगत होती आणि प्रत्येक सांगण्यात चंदन बोटभर उंच होत होता. सगळ्यात जास्त अंकित सांगत होता. रात्रभरात त्याची समजूत पटली होती. "मी जिंकलो नाई बे," तो म्हणत होता, "त्यानं मले शिकवलं."

पडदा बाजूला झाला. ज्योत्स्ना बाहेर आली आणि सरळ पुढच्या खुर्चीत बसली. हाताला कणीक लागलेली होती, ती तिने पदराला पुसली.

धीरज हिशोब सोडून उठला. "अवं..."

"अंकित," ती म्हणाली, "ये. माह्यासंग खेळ."

पोरं हसली नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. उलट, एकाने पंखा तिच्याकडे वळवला. अंकित लाजत समोर बसला. खेळाने नाव विचारलं. तिने लिहिलं, ज्योत्स्ना. लग्नानंतर पहिल्यांदा तिची बोटं त्या अक्षरांवरून गेली आणि एकही चुकलं नाही.

पहिल्या फटक्यात तिने त्याला ढकललं. दुसऱ्यात कोपऱ्यात नेलं. आता तो वाकून पाय ओढेल, म्हणून तिने बोट तयार ठेवलं. त्यावरचं उत्तर तिने काल पोत्यांवर बसल्या बसल्या शोधून काढलं होतं.

तो वाकला नाही. त्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

"खेळ," ती म्हणाली.

"नाई वहिनी."

"खेळ ना रे! मार मले!"

"नाई जमत वहिनी ते," अंकित म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी शांती होती. "बाईमाणसाले हरवून काय मोठं होते माणूस? मारा तुमी. जिंका."

उभ्या माणसाला कोणीही मारू शकतं. तिच्या खुर्चीत सासूबाई बसल्या असत्या, तर त्यांनीही मारलं असतं. पोरं वाट पाहत होती. धीरज खुणेने म्हणत होता, मार, लवकर आटप, गिऱ्हाईक खोळंबलं आहे. मग तिने एक बटण दाबलं, मग आणखी एक, साधीच. पहिलवान पडला.

पडद्यावर तिचं नाव आलं, मोठ्या पिवळ्या अक्षरांत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, आधी अंकितसाठी आणि मग तिच्यासाठी.

"झालं ना समाधान?" धीरज हसत म्हणाला. "सालभर मांगं लागली होती. पुढची खुर्ची, नाव, सगळं भेटलं."

भेटलं होतं. काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि कोठीत गेली. पाचेक मिनिटांनी नागपूर खेळायला तयार आहे अशी ओळ पडद्यावर आली, तेव्हा अंकितने खुर्ची पुढे ओढली आणि आधी पडद्याला नमस्कार केला.