सिंदीटोल्याचा वीजवापर

१.२, १.१, १.२, १.३, १.२, १.२.

*

आंध्रात मिरची तोडून आलेल्या बाईच्या बोटांची आग आठ-आठ दिवस जात नाही. लेकराला ती मनगटांनी उचलते.

*

'सलग तीन महिने शून्य वापर असलेली जोडणी मृत समजावी. गावातल्या सर्व जोडण्या मृत असल्यास वाहिनी काढून घ्यावी.' ही दोन वाक्यं मुंबईत, भर दुपारी, चहा निवायच्या आत लिहून झाली.

*

तलावाची पाळ फुटली तेव्हा मासे धानाच्या बांध्यांत शिरले. पोरंसोरं टोपल्या घेऊन धावली. त्या दिवशी गावानं जेवढे मासे खाल्ले, तेवढे पुन्हा कधी नाही.

*

घराला कुलूप असेल तर मीटर वाचणारा वहीत 'कुलूप' लिहितो. घर रिकामं आहे, पण दार नुसतं लोटलेलं आहे, यासाठी वहीत शब्द नाही.

*

देवानंद वीज नियामक आयोगात विश्लेषक होता. कोण किती वीज वापरतं त्याचे आकडे तपासायचे आणि त्यातले खोटे हुडकून काढायचे, हे त्याचं काम. माणूस मूळचा वडशाचा, पण मुंबईत बारा वर्षं काढलेला. वरची ती दोन वाक्यं त्याचीच.

एकाच बल्बच्या घरात खरोखर किती वीज जळते हे कुणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून आयोगानं काही गावांत वर्षभरासाठी मीटर बसवायला लावले होते. बिल नाही, नुसती मोजणी. धानोऱ्याच्या पुढं, देवानंदच्याच मुलखातल्या जंगलात असलेला सिंदीटोला, मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं गाव, त्यातलंच एक. तिथं तेवीस मीटर होते आणि तेविसांचा महिन्याचा वापर एक पूर्णांक दोन युनिटच्या आसपास. म्हणजे चाळीस वॅटचा बल्ब, रोज एक तास. कुणाकडं पाहुणा आला नाही, कुणी बाळंत झालं नाही, एकाही घरात तापानं फणफणलेल्या पोरापाशी रात्रभर दिवा ठेवावा लागला नाही.

"घरी बसून लिहिलंय हे," शेजारच्या टेबलावरची आचल म्हणाली. "जा, पकडून या."

२००३ च्या फेब्रुवारीत तो गेला. धानोऱ्याहून लाईनमन कय्यूमनं त्याला मोटारसायकलवर मागं घेतलं.

"कय्यूमभाऊ, खरं सांगा. गावात जाता, की टपरीवर बसून आकडे लिहिता?"

कय्यूम हसला. "टपरीवर लिवले असते त येवढे एकसारखे लिवले असते का साहेब? खोटं लिवनारा मानूस आकडे खालीवर करते."

नवीन पोरांना शिकवताना देवानंद स्वतः हेच सांगत असे.

अर्ध्या वाटेवर कय्यूमनं मान न वळवता सांगितलं, "तलाव फुटला, मासोळी गेली. मंग पुरं गाव मिरची तोडाले आंध्रात गेलं. वापस येताना ट्रक पुलावरून खाली. एकोनीस मानसं. उरले ते सोयऱ्यांकडं पांगले. इथी राह्याले भेतात."

"मग वीज कोण वापरतं?"

"आता पाहालच ना."

ते पोचले तेव्हा दिवस मावळत होता. कुत्रं भुंकलं नाही. कोरड्या तलावाच्या भेगांमध्ये डोंगा पालथा पडला होता. तेवढ्या गावात एकच माणूस: धुरपता. सत्तरीची असेल. अंगणात बसून जाळ्याचं भोक सांधत होती.

"हे मुंबईचे साहेब हायत, बाई," कय्यूम म्हणाला.

"बसा म्हना त्याहिले. मले येळ नाई आता."

ती उठली. पहिल्या घराचं दार ढकललं आणि भिंत चाचपत बटण दाबलं. पिवळा उजेड पडला.

"सोमाजी, ऊठ रे. सांज झाली." ती थोडी थांबली, उत्तर ऐकून घेणारा माणूस थांबतो तेवढीच. "हव, हव," म्हणाली आणि निघाली.

दुसरं घर. "कुंता, पोरीचं डोस्कं विचर वं. झिपरी झाली."

तिसरं. "पत्रू, आज पेऊन आलास त उद्या मी येनार नाई, सांगून ठेवतो."

देवानंद मागोमाग हिंडत होता. पाचव्या घराच्या उंबऱ्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण बूट बाहेर काढून ठेवले आहेत. कधी काढले, ते आठवेना.

तेवीस दिवे लागले. तासाभरानं ती पुन्हा उठली आणि त्याच क्रमानं एकेक विझवत गेली.

"रातभर काऊन नाई ठेवत?" देवानंदनं विचारलं. बारा वर्षांनी त्याच्या तोंडी घरची बोली आली होती.

"उजेडात झोप लागते का कोनाले?"

कय्यूमनं घसा खाकरला. "मीच सांगतलं हिले, साहेब. मीटर नाई फिरलं त तार काढून नेतील म्हून. कोन्या सायबानं नियम काढला म्हनते तसा."

कुठल्या साहेबानं, ते देवानंदनं विचारलं नाही.

"तार नेऊ नोका, भाऊ," धुरपता म्हणाली. "आंध्राकडून याले लागलं त खिंडीतून पयले गावचे दिवेच दिसते. अंधारात ते लोक येतील कसे?"

तिला खरं काय ते ठाऊक आहे की नाही, हे त्याला तिच्या तोंडावरून कळेना. त्यानं पिशवीतून फॉर्म काढला. घरात राहणाऱ्यांची संख्या, असा रकाना होता.

"सोमाजीच्या घरी?"

"पाच."

"कुंताच्या?"

"तीन. आता चवथं येईल."

ती सांगत गेली, तो पेन्सिलनं लिहीत गेला. बेरीज चौऱ्याण्णव आली.

मोटारसायकलला किक मारायच्या आधी कय्यूम हळूच म्हणाला, "राहू द्या ना साहेब तसंच. एका कागदावर त हायत ते लोक."

मुंबईत त्यानं तो कागद चार दिवस खणात ठेवला. खोटा आकडा पकडायला तो गेला होता. वापराचा आकडा खरा निघाला, खोटा होता तो माणसांचा, आणि तो त्याच्याच अक्षरात होता. पाचव्या दिवशी त्यानं चौऱ्याण्णव खोडलं आणि 'एक' लिहिलं. शेरा जोडला: 'एका व्यक्तीसाठी का होईना, वाहिनी ठेवावी.' तेवीस घरांमागं एकच माणूस, म्हणून वापर धरला गेला नाही आणि जोडण्या मृत ठरल्या; छापील आदेशात शेऱ्यांचा रकाना नसतो. मे महिन्यात तार उतरवली. उतरवायला कय्यूमलाच जावं लागलं.

जुलैचा तक्ता आला. देवानंद बोट फिरवत खाली गेला आणि सिंदीटोल्यापाशी थांबला.

१.२, १.२, १.१, १.२. असे तेवीस.

त्यानं धानोऱ्याला फोन लावला.

"कय्यूमभाऊ, हे काय लिहून पाठवलंय?"

"तेवीस शून्य, साहेब. दुसरं काय लिवनार? मीटरच काढून आनले. इथी माह्या कपाटात पडून हायत."

"माझ्या तक्त्यात शून्य नाहीत."

कय्यूमनं विचारलं, "मीटर फिरून राह्यले का?"

"बघता का जरा?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं. लोखंडी कपाटाचं दार करकरलं. देवानंद कान लावून वाट पाहत राहिला. पावलं परत आली, घाईनं, आणि कुणीतरी काही न बोलता फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

आचल डोकावली. "काय झालं? चुकलाय का तक्ता?"

तक्त्याच्या तळाशी तपासणाऱ्याची सही लागते. सही नसेल तर तक्ता परत जातो, दुरुस्त होऊन शून्य होऊन येतो, आणि मग सिंदीटोला पुढच्या कुठल्याच कागदावर येत नाही. देवानंदनं तेवीस आकड्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, पहिल्या घरापासून, धुरपता जायची त्या क्रमानं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

त्यानं सही केली.

सिंदीटोल्यात घरं चोवीस होती. चोविसावं धुरपताचं, आणि तिथं वीज कधी आलीच नव्हती, जोडणीसाठीचा तिचा अर्ज १९९४ पासून पडून होता.