मास्तरांची गळपट्टी

लोकांच्या कमरा आणि मांड्या मोजण्यात टेलरमास्तरांची कैक वर्षं गेली. पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला ते हसून सांगत, "साहेब, टेपपुढे कसली लाज? लपवाल तर पँट तुम्हालाच काचेल." लोका सांगे ब्रह्मज्ञान! मास्तरांचं स्वतःचं जिथे काचत होतं, तिथे त्यांनी देवालाही डोकावू दिलं नव्हतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको जवळ सरकली की मास्तरांना हटकून कुणाच्या तरी शर्टाची राहिलेली बाही आठवे आणि मशीन खडखडू लागे. तिला वाटे, आपणच यांच्या मनात भरलो नाही. शेवटी तिने बॅग भरली. "शनिवारी दादा न्यायला येतोय," एवढंच म्हणाली.

मास्तरांची पाचावर धारण बसली. तडक दवाखाना गाठला. पण दाराला नुसता पडदा, आणि पडद्याबाहेर बाकावर त्यांचीच गिऱ्हाइकं. मास्तरांनी आवाज खाली आणून धंद्यातला शब्द काढला. "डॉक्टर, गळपट्टी तंग झालीय. डोकं बाहेर निघत नाही."

डॉक्टरांनी मान चाचपली, 'आ' करायला लावलं आणि गुळण्यांचं औषध दिलं. मास्तर ते घेऊन मुकाट घरी आले. एवढंच नव्हे, इमानदारीत गुळण्याही करू लागले.

आवाज ऐकून बायको बेसिनपाशी आली. "घशाला काय झालं?"

"घशाला काही नाही."

"मग गुळण्या कशाला?"

तोंडातलं पाणी संपलं होतं, सबबीही संपल्या होत्या. नळाकडे बघत मास्तरांनी सांगून टाकलं. पुढची कातडी आवळलीय, मागे सरकत नाही, ओढली की चिरते, लघवीलाही आग होते.

ती हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "म्हणजे मी नकोशी नव्हते?"

"नाही गं."

"अहो, तंग शिवण ओढून कधी सैल होते का? उसवावीच लागते. येईल त्याला सांगत असता."

दुसऱ्या दिवशी तीच त्यांना घेऊन गेली. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मग मला घसा का दाखवलात?"

"तुम्ही 'आ' करा म्हणालात."

जागा बधिर करून डॉक्टरांनी आवळलेली कातडी काढली. तेवढ्यातही मास्तरांनी मान उंचावली. "टाके जरा जवळजवळ घ्या."

"तुम्ही माझी पँट शिवताना मी कधी बोललो?" डॉक्टर म्हणाले. "आणि आता काही आठवडे बायकोपासून लांब. राहिलेल्या बाह्या शिवून घ्या."

शनिवारी दादा आला, तोवर रिकामी बॅग माळ्यावर गेली होती. ढगळ पायजम्यात फेंगडे चालत मास्तर सामोरे आले.

"दाजी, काय झालं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग छताकडे. "घसा धरलाय जरा."

 बायको आत गेली, गुळण्यांचं औषध आणि पेला घेऊन आली आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या."

मेहुण्यादेखत मास्तरांनी गुळण्या केल्या.