पेटीवरची मखमल

आमचा थोरला मुलगा अर्बन दारात आलेल्याला बस म्हणत नाही. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात शेजारचा रोझारिओ गेला. चारला त्याच्या दफनाची चर्चची घंटा व्हायची होती, आणि त्याची मुलगी ज्युलिया मखमल मागायला आली, तर हा मांडीवर कोयता घेऊन मखमलीच्या संदुकीवरच बसून राहिला.

मालाडच्या आमच्या गावठाणात कोणीही मरो, शवपेटीवर आमच्या घरची मखमल पडते. रेशमी, दाट लवेची. डाळिंबाची फुलं विणतानाच उठवलेली. फुलांना लव, मधली जमीन जरीची. माझ्या सासूच्या आजीनं जपली, मग सासूनं, मग मी. लव पायाकडे करून अंथरायची, म्हणजे निरोपाचा हात डोक्याकडून खाली विनाअडथळा सरकतो. भांडण असलं तरी मखमल नाकारायची नाही.

"मावशी, बाबा उघड्या लाकडात जाईल का गं?" ज्युलियानं मला विचारलं.

"जाऊ दे," अर्बन म्हणाला. "त्यानं मोजणीवाल्याला जुनी हद्द दाखवली. माझं कुंपण पाडलं."

"तू चार हात पुढे सरकवलेलं, तेच ना रे?" मी म्हणाले.

ज्युलियानं त्याला ढकललं, झाकण उघडून मखमल ओढली. अर्बननं तिचे केस धरून डोकं संदुकीच्या कडेवर आपटलं. कपाळ फुटलं. परत आपटलं. तरी ती सोडेना, म्हणून त्यानं कोयता उचलला. मी मखमल हिसकून हातावर गुंडाळली आणि तो हात मध्ये घातला. चार पदर कापले गेले, पाचव्यात कोयता अडकला. तरी टोक लागून माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं.

दारामागं मसाला कुटायचं मुसळ होतं. ते डाव्या हातानं त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव गुडघ्यावर. तो खाली कोसळला.

"आये, मी तुझा मुलगा ना?"

"म्हणून तर डोक्यात नाही घातलं."

मखमल मी शिवली नाही. तशीच रोझारिओच्या पेटीवर अंथरली, लव पायाकडे, चिरा वर. ज्युलियानं कपाळाला फडकं बांधलेलं. लोकांनी हात फिरवले, प्रत्येकाचा हात चिरेशी अडला. तेवढ्यात अर्बन लंगडत त्यांच्या फाटकाशी आला. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणाले,

"यापुढे ज्याच्या घरी माणूस जाईल, त्याच्या दारी ही मखमल तूच पोचवायची, मोडक्या हातानं का होईना. तुझ्या पेटीवर मात्र ती पडणार नाही. तू उघड्या लाकडात जाशील, अर्बन."