बोर्डावरचं लंडन

बोर्ड लावायच्या आधी पोरीला विचारावं, असं जयसिंग कांबळेच्या मनातच आलं नाही. येईल कसं? आनंद झाला की चौकात फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लावायचा, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. बारसं असो, वाढदिवस असो, कुणाच्या बैलानं शर्यत मारलेली असो, बोर्ड झळकल्याशिवाय ती गोष्ट घडली असं इथं धरतच नाहीत. आणि जयसिंगची निशा तर लंडनच्या विद्यापीठात निवडली गेली होती. साधंसुधं नव्हे. त्याचं नुसतं नाव ऐकून कागल एमआयडीसीतल्या कंपनीचे मॅनेजरसाहेब जयसिंगशी हात मिळवायला खुर्चीतून उठले होते.

बोर्ड सयाजीनं केला. सयाजी गल्लीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, आणि डिजिटलचं दुकानही त्याचंच. त्यामुळे अभिनंदन करणारा तोच आणि छापणाराही तोच. मधोमध गॉगल लावून हाताची घडी घातलेला जयसिंग, बाजूला निशा, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली झाडून सगळी पोरं, आणि या गर्दीतून वाट काढत गेलेला मजकूर : 'लंडन येथील जगप्रसिद्ध विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्या दिवसापासून जयसिंग कामावरून येताना रोज चौकातून यायला लागला. खरं तर त्याचा रस्ता तिकडून नव्हता.

आठवडाभर हे सुख चाललं. मग शनिवारी जेवताना निशा म्हणाली, "पप्पा, ओउलूचं आलं."

"काय आलं?"

"फिनलंडमधलं गाव हाय. तिथल्या विद्यापीठानं पूर्ण स्कॉलरशिप दिलीया. फी न्हाय, राहण्याखाण्याचंबी तेच बघणार. मला तिकडं जायचं हाय."

जयसिंगचा घास हातातच राहिला. "आन् लंडन?"

"लंडनसाठी घर गहाण टाकाय लागतंय."

"टाकू की! घर कशाला असतंय? बाबासाहेब लंडनला शिकले."

"त्याआधी न्यूयॉर्कला शिकले. स्कॉलरशिपवर."

या घरात बाबासाहेबांचं नाव निघालं की वाद तिथंच मिटायचा. आजही मिटला होता, पण चुकीच्या बाजूनं.

"मग बोर्डाचं काय करायचं?" शेवटी त्यानं पोटातलं ओठावर आणलं.

त्याची बायको मीनाक्षी भाकरी थापत होती. तिनं मानही वर केली नाही. "शिकायला पोरगी जाणार हाय का बोर्ड?"

"तुमास्नी काय हुतंय बोलायला? चौकातनं मला जायाचं असतंय. लोक म्हणतील, लंडनवाल्यांनी परत धाडली, म्हणून कुटंतरी बर्फात निघालीया. तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय मला!"

निशानं त्याच्याकडं पाहिलं. "पप्पा, मी तिथं जाऊन काय शिकणार हाय, सांगा बरं."

"शिक्षण."

"कसलं?"

"उच्च," जयसिंग म्हणाला. बोर्डावर तेच होतं.

निशाला हसू आलं नाही. ताट उचलून ती म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत कळवायचं हाय. तुम्ही न्हाय म्हणालासा तर लंडनला जाईन. पण मनातनं न्हाय."

त्या शेवटच्या वाक्यानं जयसिंगची झोप उडवली. पोरीचं मन मोडायचं, की गल्लीत हसं करून घ्यायचं? सकाळी उठल्यावर त्यानं ठरवलं, आधी चौकात जाऊन अंदाज घ्यावा. लोक फारच हसायला लागले तर लंडन. अशा गोष्टी अशा ठरवू नयेत हे त्यालाही कळत होतं, पण इलाज नव्हता.

चहाच्या गाड्यावर त्यानं घसा खाकरला. "जयभीम. ते आमच्या निशाचं जरा बदललंय बरं का. बोर्डावर लिवलंय ते..."

"बोर्डाचं नाव काढू नका, भाऊ," चहावाला उसळला. "माझं डोळं मिटल्यालं हायत फोटोत! गिऱ्हाईक इचारतंय, मेलास काय म्हणून."

"ते ऱ्हाऊ दे. मजकूर वाचलास न्हवं?"

"वाचला की. पीएसआय झाली न्हवं पोरगी? लई भारी!"

जयसिंगनं कप खाली ठेवला. शेजारी उभ्या पोराला त्यानं विचारलं, "काय रं, निशा कुटं निघालीया?" पोरगं म्हणालं, "पुण्याला, न्हवं काका? पर मला तिसऱ्या वळीत का टाकलंय? मागच्या बोर्डावर मी दुसऱ्यात हुतो." पानवाल्याला वाटत होतं, निशाचं लग्न ठरलंय. त्यानं तर तारीखच विचारली.

जयसिंग तरातरा चौकातल्याच सयाजीच्या दुकानात शिरला. "सयाजी, बोर्ड कुणी वाचलाच न्हाय की रं!"

"बोर्ड वाचत्यात व्हय?" सयाजीला खरोखरच आश्चर्य वाटलं. "बोर्ड बघायचा असतोय. मजकूर तर मी मागचाच उचललाय, नगरसेवकाच्या पोराचा. गाव तेवढं बदललं. तुला बदलायचं हाय? सांग, नव्या गावाची पट्टी मारतो वर."

जयसिंगचा जीव भांड्यात पडला. सगळी रात्र ज्या लोकांच्या भीतीनं तळमळून काढली, त्यांच्या खिजगणतीतही लंडन नव्हतं. हसतच तो बाहेर आला, आणि पट्टी कुठं बसेल ते बघायला त्यानं मान वर केली.

आणि त्याचं हसू गेलं. आपला चेहरा दाराएवढा होता. निशा त्याच्या कोपराजवळ पासपोर्टच्या फोटोएवढी होती, आणि तिच्या अर्ध्या गालावर शुभेच्छुकांच्या फुलांची माळ आली होती. लोकांना ती कुठं चालली हे कळणार कसं? ती दिसतच नव्हती. आठवडाभर रोज आपण वाट वाकडी करून हा बोर्ड बघत होतो आणि आपल्यालाही हे दिसलं नाही, कारण आपणही गल्लीतल्या पोरांसारखा स्वतःचाच फोटो बघत होतो. जयसिंगला मनापासून लाज वाटली.

त्यानं तिथूनच फोन लावला. "निशा, तू काय शिकणार हायस ते सावकाश सांग."

मग ती सांगायला लागली. घाण पाणी शुद्ध कसं करायचं, आटलेली, बिघडलेली नदी पुन्हा जिवंत कशी करायची. ओउलूत तेवढ्यासाठी मोठी प्रयोगशाळा होती, आणि तिथल्या प्राध्यापक बाईंनी निशाचा पंचगंगेवरचा प्रकल्प वाचून स्वतः फोन केला होता.

"म्हंजे मासं मरून वर येत्यात, त्याचं?"

"व्हय पप्पा. त्याचंच."

"मग बसलीयास काय? कळव की लगेच!"

ती रडते आहे की हसते आहे, हे त्याला फोनवर कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही, तसाच तो परत सयाजीच्या दुकानात शिरला.

संध्याकाळी नवा बोर्ड चढला. सयाजीनं बरीच कुरकुर केली, शुभेच्छुक काढले तर मंडळ फुटेल म्हणाला. म्हणून ते खालच्या पट्टीत राहिले. चहावाल्याचे डोळेही उघडले. पण बाकी सगळ्या बोर्डावर एकटी निशा होती, तोंडभर हसणारी, आणि तिच्याखाली एवढंच : 'ओउलू, फिनलंड. आपली नदी स्वच्छ करायचं शिकायला निघाली.'

चौकात माणसं थांबली. पहिल्यांदाच ती ओठ हलवत वाचत होती. चहावाला गाडा सोडून आला.

"भाऊ, सगळं झ्याक झालंय. पर तुमचा फोटो कुटं हाय?"

"फोटो कशाला पायजे?" जयसिंग वर बघतच म्हणाला. "मी हाय की हितं, खाली हुबा."