मुलगा अन्नप्रक्रियेत आहे

जाफराबाद सोडलं तसं रामरावांनी गाडी चालवता चालवता फर्मान काढलं. "घर पाह्यलं, वावर पाह्यलं. आता पोराची कंपनी पाहू, मंग पुढचं बोलू."

मी पुढच्या सीटवर, मध्यस्थाच्या मानाच्या जागेवर बसलो होतो. तिथं मला एकदम टोचायला लागलं. बायोडाटा मीच लिहिला होता: मुलगा अन्नप्रक्रिया उद्योगात, निर्व्यसनी, सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. सोमेश्वर जालन्याजवळ बिअर बनवतो, एवढं एकच त्यात लिहायचं राहिलं होतं. आधी पाच घरांना खरं सांगितलं, तर त्यांनी पोराला चहासुद्धा पाजला नाही. पोरगं बत्तीस ओलांडून गेलं. सहाव्या वेळी पेन मी हातात घेतलं. एकेचाळीस लग्नं जमवलीत मी. खोटं कधी लिहीत नाही, शब्द तेवढे निवडून घेतो.

"आज रविवार. बंद असंल," मी म्हणालो.

"फोन लावा की."

"रेंज न्हाई. राजूर आलंच, आधी गणपतीला जाऊ."

"गणपती कुठं पळून चाल्ला, राधेश्यामभाऊ?" मागून रामरावांच्या मंडळी, पुष्पाबाई, बोलल्या. "येताना जाऊ."

रामराव म्हणजे बैल घेताना दात मोजणारा माणूस; मोजून झाले की शेपटीही ओढून बघणारा. आणि ही तर पोटची पोर द्यायची होती, शालू. मी तीनदा काच खाली केली, तीनदा वर.

जालन्याच्या अलीकडे ती जागा आली. लांबलचक शेड, पुढं लाकडी टेबलं, मागं काचेआड माणसाच्या दुप्पट उंचीच्या चकचकीत टाक्या. बसलेले बियाण्याचे नि लोखंडाचे व्यापारी, एका टेबलावर वाढदिवसाचा केक. ओळखीचे तिघं दिसले. त्यांतल्या दोघांनी मला पाहून मेनूकार्ड तोंडापुढं धरलं. एकाची सोयरीक मीच जमवलेली. निर्व्यसनी म्हणूनच.

"हाटेल बरं हाय," पुष्पाबाई टेकल्या.

वेटर आला. "सर, आज गहू आहे आणि ज्वारी आहे."

"ज्वारीच आण," रामराव म्हणाले. "तीन भाकरी, ठेचा, आणि कांदा फोडून."

वेटर माझ्याकडं बघायला लागला, मी पंख्याकडं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर फेसाचे चार ग्लास आले. रामरावांनी ते ग्लास पाहिले, मग टाक्या पाहिल्या, मग मला.

"पोरगं इथं काय करतंय? वाढतंय का?"

"वाढत न्हाई. बनवतंय."

"भजी?"

उत्तर द्यायची पाळी आली नाही. सोमेश्वरच बाहेर आला. पायात गमबूट, हात कोपरापर्यंत ओले. आम्हाला पाहून आधी पांढरा पडला, मग वाकून दोघांच्या पाया पडला. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"काका, बिअर बनवतो मी. राधेश्यामकाकांनी सांगितलं असंल ना?"

"सांगितलं," रामराव म्हणाले. "अन्नप्रक्रिया." आणि जरा थांबून, "पाव्हणे, सरळ इचारतो. तुम्ही पिता?"

टेबलाखालून मी त्याच्या गमबुटावर बूट दाबला. गमबुटाला काय कळणार?

"पितो. रोज चार घोट, चव बघायला. थुंकून चालत न्हाई, कडू चव गिळल्यावरच कळती. त्याच्यावर थेंब न्हाई."

गेलं, मी मनात म्हणालो. बेचाळिसावं गेलं. रामरावांनी गाडीची किल्ली उचलली. पण पुष्पाबाई हवेत नाक करून बसल्या होत्या.

"मघापासून येऊन राह्यलाय हा वास," त्या म्हणाल्या. "कुरडईचा गहू भिजत घातल्यावाणी. तिसऱ्या दिवशीचा."

सोमेश्वरचा चेहरा खुलला. "गहूच हाय मावशी, मोड आणून वाळवलेला. ज्वारीलाबी इथंच मोड आणतो, तुमच्याच भागातली. पण ज्वारी दर दुसऱ्या खेपेला आंबून जाती. फेकावी लागती."

"पाणी कधी बदलता?"

"सकाळी एकदा."

"अगं बाई! एकदाच?" पुष्पाबाई उठल्या. "दाखवा बरं."

दोघं आत गेली. मी आणि रामराव उरलो. सोमेश्वरनं धाडलेली भजी आली, मोसंबीचा रस आला. रामरावांनी एक भजं मोडलं, खाल्लं नाही. किल्ली टेबलावर फिरवत राहिले. मी टेबलावरच्या शेंगा सोलल्या, मग टरफलांची रांग लावली, मग मोडली. वीस मिनिटं झाली.

"जाऊन बघा," रामराव म्हणाले.

आत पुष्पाबाई पदर खोचून उकिडव्या बसल्या होत्या, हात ज्वारीच्या ढिगात कोपरापर्यंत. "खालून तापलीय बघा. दोनदा वरखाली करायची. पाणी तीनदा बदलायचं. आणि हे प्लास्टिक काढा, ओल्या गोणपाटात ठेवा, तिला वारा पायजे." सोमेश्वर ढिगात हात घालून ऊब बघत होता आणि मोबाइलवर लिहून घेत होता. माझी दखल कुणी घेतली नाही.

बाहेर आल्यावर पुष्पाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगं खरं बोलतंय. जे येत न्हाई ते येत न्हाई म्हणून सांगतंय."

रामरावांनी किल्ली फिरवणं थांबवलं. मग भज्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "मी हो म्हणलेलं न्हाई. शालूला समदं सांगू. येत्या रविवारी तिला घेऊन येऊ, तिनं डोळ्यांनी बघावं. तिला पटलं तर पुढं."

"मी सकाळी नऊला येतो मंग," मी घाईनं म्हणालो.

"तुम्ही कशाला तरास घेता?" रामराव हसले. हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "फोन नंबर घेतलाय आम्ही पाव्हण्यांचा. जमलंच तर जेवायला या तुम्ही. अन् पत्रिका दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ."

निघताना सोमेश्वरनं टाकीतून काढलेल्या चोथ्याचं पोतं आणलं, मावशींच्या म्हशींसाठी. गरम, गळतं पोतं. ते मागच्या सीटवर ठेवलं. पुष्पाबाई पुढं बसल्या. मला पोत्याशेजारी जागा मिळाली.

राजूर आलं. गणपतीला थांबायचं कुणी नाव काढलं नाही. मी तरी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? पोतं वळणावळणावर माझ्या अंगावर कलत होतं, पँट मांडीपर्यंत भिजली होती, आणि साऱ्या गाडीत बिअरचा वास माझ्याच कपड्यांना येत होता. घरी बायको दारातच विचारणार. तिला काय सांगायचं, त्याचे शब्द मी आमची टेंभुर्णी येईपर्यंत निवडत राहिलो. एकही सापडला नाही.