चार सूत कमी

वाकून बघा, म्हणजे दिसेन. मी पिकअपचा शाफ्ट बोलतोय. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा. गाडी घेताना लोक रंग बघतात, हॉर्न वाजवून बघतात. माझ्याकडे कोण बघतंय?

माझी पहिली गाडी सुरतजवळच्या इच्छापोरच्या कारखान्यांत पाइप वाहायची. खाऱ्या हवेनं तिचा पत्रा पार सडला, पण मी ठणठणीत राहिलो. तरी तिच्याबरोबर मलाही सुरतच्या भंगार बाजारात आणून आपटलं. मी गंजून पडलो होतो आणि शेजारी कटरवाला गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापत बसलेला. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

त्या शनिवारी दुपारी बन्सीलाल आणि त्याची बायको वर्षा दुकानात आली. सुरतच्याच गोडादरा भागातली माणसं, मूळची खान्देशातली. बन्सीलालनं आधी बरीच वर्षं माग चालवले, आता पिकअपमधून कापडाचे ताके पोचवायचा. त्याच्या गाडीचा शाफ्ट आदल्या दिवशीच पिळला गेला होता. नवा सोमवारी मिळणार होता. पण रविवारी गावाला कानबाई बसायची होती, खान्देशातल्या घराघरांतली श्रावणातली देवी!

बन्सीलालची आई, धुरपदाबाई, भाऊबंदांत सगळ्यांत मोठी. आजारपणामुळे तिची कानबाई बरीच वर्षं चुकली होती. बसचे हाल तिला सोसत नव्हते, म्हणून पिकअपमध्येच तिच्यासाठी गादी टाकायचं ठरलं होतं. सकाळपासून ती एकच विचारत होती, "यंदा तरी मना पाय गावले लागतीन का रे?" वर्षा हे दुकानदाराला सांगताना रडवेली झाली.

बन्सीलालनं जुन्या शाफ्टाच्या लांबीची दोरी आणली होती. ती त्यानं माझ्या अंगावर धरली.

"हाऊ ते बोटभर कमी शे! भूपेंद्रभाई मेकॅनिक म्हने, चार सूत कमी चाली. बोटभर कसा चाली?"

असं म्हणून त्यानं मला सरळ कटरवाल्याच्या ढिगावर ठेवलं. अरे बाबा, निदान भिंतीला तरी टेकवायचंस!

मग त्याला एक निळाशार रंगवलेला शाफ्ट आवडला. दोरीला तंतोतंत. बन्सीलाल खूश. पण वर्षा कापडाचे ताके तपासायचं काम करणारी. सवयीनं तिनं त्याच्यावरून बोटं फिरवली आणि मध्येच थांबली. नखानं रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगचा खडबडीत सांधा! दोन तुकडे जोडून वर रंग फासलेला.

"हायवेवर तुटला असता म्हणजे? आई मागे बसलेली असती!" ती दुकानदारावर अशी कडाडली की तो गुपचूप चहा सांगायला निघून गेला.

आता दुसरा शाफ्ट नव्हता. बन्सीलाल दोरी गुंडाळायला लागला. कटरवाल्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला पुढे घेतलं. माझं तर संपलंच होतं.

तेवढ्यात वर्षा म्हणाली, "आवो, पन चार सूत म्हनजे कितलं?"

"चार धागे. आनखी काय?"

"धाग्यानं कोनी लोखंड मोजस का? इचारा ना त्यासले!"

बन्सीलाल ढिम्म हलेना, तेव्हा तिनंच भूपेंद्रभाईला फोन लावून चार सूत म्हणजे चार धागेच का, ते विचारलं. स्पीकरवर आधी नुसतं हसू आलं.

"अरे बेन, तुम्हारे लूम का सूत नहीं! फुटपट्टी का सूत! आठ सूत का एक इंच. आधा इंच छोटा चलेगा, शाफ्ट उतना सरकता है. लंबा मत लाना, बस."

"थांबा!" वर्षा ओरडली. कटरवाल्याच्या हातातली ज्योत माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

दुकानातली टेप लावली. मी बरोबर चार सूत कमी! ज्याचं आयुष्य सूत हातात धरूनच गेलं, तोच सुताला फसला. वर्षानं नवऱ्याकडे बघितलं, तसा बन्सीलाल ओशाळून हसला. "आईले सांगू नको," एवढंच म्हणाला. तिनं घरी गेल्या गेल्या सांगितलं.

भूपेंद्रभाईनं माझे सांधे तपासले, त्यांतले झिजलेले क्रॉस काढून नवे घातले, ग्रीस भरलं. रविवारी पहाटे मी फिरू लागलो. किती दिवसांनी! वर गादीवर धुरपदाबाई कानबाईची गाणी म्हणत होती, मधेच सुनेबरोबर मुलाच्या धाग्यांवर हसत होती. घाटात मला जरा धाकधूक वाटली, पण मी एकदासुद्धा कुरकुरलो नाही.

नंदुरबारच्या पुढे गाव आलं. भाऊबंद धावत आले. कुणी गाडीच्या टायरवर पाणी घातलं, कुणी बन्सीलालच्या पाठीवर थाप मारली. माझ्यासाठी वाकायला लागतं, तेवढी सवड कुणाला होती?

धुरपदाबाईची कंबर मात्र वयानं वाकलेलीच. गाडीतून उतरली, काठी टेकली आणि तिला मी समोरच दिसलो.

"हाऊच का रे तो चार सूतना?" तिनं विचारलं. मग हात जोडून मला म्हणाली, "पोचाडं रे भाऊ, तू माले गावले पोचाडं."

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. कुणाला कमी म्हणून ढिगावर टाकायच्या आधी, माप कोणतं ते एकदा विचारून घ्या. निघतो आता. उद्या म्हातारीला परत सुरतेला न्यायचंय.