ज्वारीवरच्या भोरड्या

गावतळ्याच्या वर्गणीसाठी पाखरांच्या जाती मोजायची शर्यत होती. आमची आणि शेजारच्या साखरा गावाची टीम बराबरीत होती, आणि मला काही करून जिंकायचं होतं. शर्यत संपत आली तेव्हा ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला. ही जात अजून कोणालाच दिसली नव्हती. पण टीममधल्या सगळ्यांनी पाहिली तरच ती मोजणीत धरणार होते, आणि देविदास बांधामागं राहिला होता. शेजारी आमच्याच टीममधल्या, जन्मभर शेतं राखलेल्या रूपाबाईचा हात सारखा ढेकूळ चाचपत होता.

"रूपाबाई, गप बसा."

"बसूनच राहिले की."

भोरड्या कणसांतले दाणे टिपू लागल्या आणि तिच्या तोंडून राखणीची आरोळी निघालीच. थवा उठून नाल्यापलीकडं गेला.

देविदास धापा टाकत आला. "काहून उठवल्या, काकी?"

"तुझीच ज्वारी खाऊन राहिल्या व्हत्या."

नाल्यापलीकडं साखऱ्याची सगळी माणसं थव्याकडं बोट दाखवत टाळ्या वाजवत होती.